कापायचं माप

कापड एक वीत कमी आलं होतं. पुडक्याची दोरी सोडून तिने ते टेबलावर पसरलं; गडद निळं, पाण्यातून काढल्यासारखं जड. मग सवयीने कडेकडेने विती टाकत गेली, नऊ, दहा, अकरा, आणि बारावी टाकायला हात पुढे केला तर खाली कापड नव्हतं, टेबलाचं लाकूड होतं. जिना संपलेला असावा आणि पाय तरी आणखी एक पायरी शोधत खाली जावा, तसा हात दचकला. सकाळचे अकरा वाजले होते. पुढच्या खोलीतल्या उभ्या आरशात रस्ता उलटा वाहत होता. तिने पुन्हा सुरुवातीपासून विती टाकल्या. अकराच. ताईच्या कोटाला बारा विती लागतात, हे तिला स्वतःच्या दाराच्या कडीसारखं अंधारातही सापडेल इतकं पाठ होतं. ताई तिची थोरली बहीण, शाळेत भूमिती शिकवणारी. या महिनाअखेरीला निवृत्त व्हायची होती आणि निरोपाच्या दिवशी घालायला तिने कोट सांगितला होता. चूक दुकानदाराची असेल म्हणून पावती पाहिली, तर त्यावर स्पष्ट अकरा वितींइतकंच माप होतं. मागणीच तेवढ्याची गेली होती. आणि मागणी तिने केलीच नव्हती, कारकुनाने केली होती.

कारकून म्हणजे फोनमधला चॅटबॉट. नाव तिनेच ठेवलेलं. किती जुनाट नाव गं मावशी, म्हणून भाची हसली होती, त्यावर ती म्हणाली होती, जो चहा मागत नाही आणि लग्नाला गावी जात नाही त्याला मी साहेबसुद्धा म्हणेन. ही भाची ताईची एकुलती एक. लोकांची कामं सोपी करून द्यायची, हाच तिचा कचेरीतला पेशा. गेल्या हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी ती यायची, टेबलाच्या कडेला पाय हलवत बसायची आणि कारकुनाला एकेक प्लगइन जोडून द्यायची. नुसते प्रश्न विचारत बसलीस तर तो नुसत्या गप्पा मारेल, ती सांगायची. काम हवं असेल तर त्याला वस्तू जोडून दे. आणि जिथे रोज वैतागतेस तिथूनच सुरू कर. पहिल्यांदा फोटो वाचणारं प्लगइन आलं आणि मापांच्या एकोणीस वह्या पान पान करून कारकुनाच्या पोटात गेल्या. मग ट्रायलच्या तारखा ठेवणारं कॅलेंडर. मग निरोप वाचणारं. मग कापडाच्या दुकानाशी बोलणारं. तिचा खरा वैताग आकडेमोडीचा होता; शिलाईसाठी सोडायची माया धरा, अस्तर वजा करा, खांद्याचा उतार पाहा. भाचीने तोही मिटवला. रोज सकाळी यादी यायची, कामाचा क्रमांक आणि त्यापुढे एकच रकाना, कापायचं माप. नावंसुद्धा भाचीने काढून टाकायला लावली. नाव वाचलंस की त्या माणसाच्या विचारात रमतेस मावशी, तिथेच तुझा अर्धा दिवस जातो. ते खरंच होतं. नाव गेलं आणि दिवस मोकळा झाला. क्रमांक एकशे सात, छाती अमुक, कंबर तमुक, खडू, कात्री, पुढचं. पाच वाजता टेबल स्वच्छ व्हायचं आणि ती दारात खुर्ची टाकून, कितीतरी वर्षांनी, काही न करता बसायची. अंगठ्याचं दुखणं थांबलं. गिऱ्हाईकं म्हणायची, मास्तर, तुम्ही हल्ली हसता.

फोन हातात घेऊन तिने त्या कोटाचा क्रमांक दाबला. कापायचं माप, छाती चौतीस. ताईची छाती अडतीस. तिने नाव उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ताईच होती. खाली एक मिटलेला रकाना होता, वहीतलं माप. तो ती कधी उघडत नसे, कशाला उघडेल? आता बोट लावलं तर तो उलगडला. अडतीस. आणि आकड्याच्या आधी, डासांच्या अंड्यांएवढे, दोन ठिपके.

मानेमागे कुणी ओली सुई टेकवावी तसं झालं. ही खूण जगात तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. माप देताना माणूस टेपकडे बघत नाही, वहीकडे बघतो, हे तिला या धंद्यात पडल्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. टेप अंगावरून सरकत असतो तोवर माणूस गप्प असतो. आकडा लिहिला जातो तेव्हा तो मान वाकडी करून हळूच वाचतो. काही माणसं झिजत होती. आजाराने, काळजीने, कशाने ते ती विचारत नसे. त्यांच्या पानावर ती मागचाच आकडा लिहायची आणि त्याच्या आधी ठिपका द्यायची. एक ठिपका, दोन इंच कमी. कापलेले खरे आकडे वहीच्या शेवटच्या पानांवर, नुसता क्रमांक घालून. पुढचं पान आणि मागचं पान आजवर कुणी शेजारी धरून पाहिलं नव्हतं. माणूस जुना आकडा वाचून सुखाने घरी जायचा, आठ दिवसांनी कपडा अंगावर चपखल बसायचा, आणि आरसा त्याला काही सांगत नसे. भाची वह्यांचे फोटो काढत होती तेव्हा एका पानावर थांबली होती. मावशी, हे ठिपके कशाचे गं? पान तिच्या आणि ताईच्या आईचं होतं. ठिपके पाच होते. शाई सांडली असेल, ती म्हणाली होती. भाचीने पान उलटलं. कारकुनाला मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं, ना ठिपका म्हणून, ना शाई म्हणून.

तिने विचारलं. बोलून विचारायचा धीर होईना, म्हणून एकेक अक्षर शोधत टाइप केलं, की हे ठिपके तू कशावरून दिलेस. उत्तर लगेच आलं. विचार करायला तो कधी थांबत नसे, आणि आज त्याने थांबायला हवं होतं असं तिला वाटलं. "तुमच्या वह्यांत ठिपका असलेल्या पानांच्या कडेला बहुतेक वेळा सारख्याच नोंदी आहेत," त्याने लिहिलं होतं. "जुनंच माप चालेल, येणं जमणार नाही, निरोप दुसऱ्याबरोबर, कॉलर उंच हवी, बाही लांब हवी. या गिऱ्हाइकाच्या निरोपांत यातल्या चार गोष्टी आहेत. ठिपका म्हणजे दोन इंच कमी, एवढं मला मागच्या पानांवरून समजलं. त्यापलीकडे मला माहीत नाही. चूक असेल तर काढून टाकतो." तिने ते तीनदा वाचलं. जुनंच माप चालेल चिमणे, यायला वेळ नाही, पेपर तपासतेय, कॉलर जरा उंच घे, असा ताईचा निरोप दहा दिवसांपूर्वी भाचीच्या फोनवरून आला होता. तो वाचून ती हसली होती आणि कारकुनाकडे सोपवून मोकळी झाली होती. वह्यांतली अक्षरं तिचीच. नोंदी तिच्याच. म्हणजे टेप हातात घेण्याआधीच ती प्रत्येक वेळी ओळखायची, आणि मग टेप केवळ दाखवायला फिरवायची. आपल्याला काय काय ठाऊक असतं हे आपल्याला ठाऊक नसतं. मग एखादा परका येतो, आपल्याच वह्या उघडतो आणि शांतपणे वाचून दाखवतो. घरात कुणी नसताना कपाटाचं दार आपणहून उघडावं, आणि आत आपलेच कपडे आपल्या अंगाच्या आकारात उभे असावेत, तसं काहीतरी.

मग तिने जे विचारायला नको होतं ते विचारलं. या गिऱ्हाइकाची आणखी किती कामं झाली? चार, कारकून म्हणाला. जानेवारीत स्कर्टची कंबर, एक ठिपका. मार्चमध्ये दोन झगे, एक ठिपका. मेमध्ये शाळेचा पांढरा शर्ट, दोन. सगळी कामं पूर्ण, वेळेवर. कपडे भाची घेऊन यायची आणि भाचीच घेऊन जायची, कागदी पिशवीत घडी करून. पिशवीवर कामाचा क्रमांक. चारही कामं तिच्या हातची. कात्री तिची, टीप तिची. हातांनी आकडे वाचले होते आणि हात चालत राहिले होते, आणि ती, दारात खुर्ची टाकून उन्हात बसायला मिळतं म्हणून खूश, सहा महिने आपल्या बहिणीला थोडं थोडं आवळत आली होती. कापड एक वीत कमी आलं नसतं तर हा कोटही झाला असता. चपखल बसला असता.

आईचंही असंच झालं होतं. आई गात गात सुई ओवायची,

सुई गं बाई सुई, तुला एकच डोळा,
त्यातून ओवते मी संसार सगळा.

चाळिशी नाकावर घसरलेली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलेलं. एके दिवशी नव्या झग्यासाठी तिने टेप काढला तर आई आतूनच म्हणाली, त्यात मोजायचंय काय, जुनंच घाल. आणि तिने टेप गुंडाळून ठेवला होता. आज ते लखलखीत आठवलं; तिने मोजलंच नव्हतं. नुसत्या नजरेने पहिला ठिपका दिला होता. मग दुसरा. एका वर्षात पाच. प्रत्येक वेळी आई आरशासमोर उभी राहायची, दोन्ही हात कंबरेवरून फिरवायची आणि म्हणायची, बघ, जराही बदललेली नाही मी. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, वजन इतकं उतरलं, कपडे सैल झाले तेव्हा लक्षात नाही आलं? आई खाटेवर होती, उशीएवढीही उरलेली नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान आला होता. "माझी मुलगी शिवते," ती म्हणाली होती. "माझे कपडे कधी सैल होत नाहीत." डॉक्टरांनी मग शिवणाऱ्या मुलीकडे, तिच्याकडे, पाहिलं होतं. ताईनेही पाहिलं होतं, पण ताईला त्यातलं काही कळलं नव्हतं. ताईने कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हाताचं वजन अजून तिथेच होतं, डाव्या खांद्याखाली.

ती दुकानाबाहेर आली. उन्हात माणसं जात-येत होती आणि प्रत्येकाच्या कपड्यात किती माणूस आहे आणि किती हवा, हे नको असताना दिसत होतं. एक कॉलर मानेपासून बोटभर दूर. एक पट्टा, नवं भोक पाडलेला. फाटकाशी एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी, बाही कोपरावरून सारखी घसरणारी. कारकुनाकडे तिने त्याने दिलेल्या सगळ्या ठिपक्यांची यादी मागितली होती. अकरा नावं आली. तिचं स्वतःचं माप वहीत कधीच नव्हतं, एवढंच बरं. अकरातलं एक नाव शेजारच्या घड्याळवाल्याचं, एक ठिपका. ती त्याच्या दारात गेली. तो डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकला होता आणि भोवती चाळीस घड्याळं चाळीस वेळा सांगत होती. तब्येत बरी आहे ना, तिने विचारलं. त्याने भिंग न काढताच मान वर केली, त्यामुळे एक डोळा इवलासा आणि दुसरा अवाढव्य दिसला. मास्तर, तो म्हणाला, बायको तीन महिने लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. स्वतःच्या हातचं खाऊन कोण बाळसं धरेल? मग स्वतःच खोखो हसला. ती पण हसली. तेवढ्यापुरता श्वास मोकळा झाला. ठिपका म्हणजे मरण नाही, ठिपका म्हणजे दोन इंच. कारकूनही तेवढंच म्हणाला होता. दुकानात परतेपर्यंत तिने ते वाक्य जपमाळेसारखं फिरवलं, पण आतल्या टेबलावर ते निळं कापड पडलं होतं, अकरा विती, आणि बाराव्या जागी उघडं लाकूड.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. कापड आपोआप पोचलं ना, ती विचारत होती. बघ, मी म्हटलं नव्हतं? आता पुढच्या शनिवारी ट्रायलचे निरोप कारकूनच पाठवेल असं करून देते, तुला काही बघायलाच नको. ती हो हो म्हणत राहिली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ताई कशी आहे? आई मस्त आहे, भाची म्हणाली. इतकी बारीक झालीय ना, शाळेत सगळ्या विचारतात काय करतेस, दहा वर्षांनी लहान दिसतेस म्हणतात. जेवण तर चिमणीचं झालंय. आणि कपडे अगदी अंगावर शिवल्यासारखे. तुझीच कमाल मावशी. तिला काही तरी म्हणायचं होतं. पोरीचा आवाज किती आनंदात होता. आईला सांग, ती म्हणाली, उद्या दुपारी ट्रायलला यायचं. कोट मी ट्रायलशिवाय देत नाही. वेळ नसेल तर काढायचा.

फोनवरचं कापायचं माप तिने बंद केलं. खडू घेतला आणि अडतीसचा कोट अकरा वितींवर मांडायला बसली. कापड पुरेना. पाठ मांडली की बाही बाहेर, बाही आत घेतली की पुढचा पदर अर्धा. कापड आडवं फिरवलं, उभं फिरवलं, कॉलरच्या आतला भाग आणि समोरची आतली पट्टी दुसऱ्याच एका काळ्या तुकड्यातून काढली, आणि तरी एका काखेत तळहाताएवढा जोड द्यावा लागला. इतकी वर्षं तिने कपडा माणसाइतका केला होता. आज ती एक असं माणूस बेतत होती जे आता कुठे नव्हतं. कात्री चालायची, थांबायची. चार इंच जास्त, चार इंच जास्त, असं बोटं सारखी कुरकुरत होती. इतक्या वर्षांची शिकलेली बोटं, त्यांना हे पाप वाटत होतं. मधेच फोन उजळला. कारकुनाने विचारलं होतं, दोन ठिपके ठेवू की काढू? तिने उत्तर दिलं नाही. कोट शिवून खुंटीवर अडकवला, आणि तो तिथे रुंद खांद्यांनी उभा राहिला. ताईसारखा, दहा वर्षांपूर्वीच्या ताईसारखा, फळ्याकडे तोंड करून वर्तुळ काढणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. दारातून आत येईपर्यंत तिला दम लागला होता आणि तो ती हसून लपवत होती. काय गं चिमणे, एवढ्यासाठी उन्हातून ओढलंस, मुलांची भूमिती अर्धी सोडून आले. पाणी प्यायली, आरशाशी गेली. ताईने पाठ करून हात मागे केले आणि तिने मागून कोट चढवला. पूर्वी ताईच्या खांद्यांवर कोट बसला की कापड हलकेच ताणलं गेल्याचा आवाज यायचा. आज काही आवाज आला नाही. कोट नुसता उतरला, पाण्यात दगड जावा तसा, आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर राहिली. कॉलर मानेपासून तीन बोटं दूर होती. ताई आरशात बघत राहिली. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि तिची सावली दोघींवरून सरकली.

"मोठा झालाय," ताई म्हणाली.

"जुनं माप आहे. अडतीस."

ताईने बटण लावलं. पोटाशी कापडाची घडी पडली, तिच्यात आणखी एक माणूस मावलं असतं. तिने ती घडी चिमटीत धरली आणि हळूहळू मागे खेचत गेली, किती येते ते बघत, वर्गात दोरीने परीघ मोजून दाखवायची तशी. चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, फक्त त्याच्या मागे आता कुणी नव्हतं. "घरच्या काट्यावर वजन उतरलेलं दिसायचं," ती आरशाकडेच बघत म्हणाली. "मी म्हटलं, काटा बिघडला. स्कर्ट बसतोय, झगे बसतायत. काटा खोटं बोलेल, तू कशाला बोलशील?"

धाकटीच्या जिभेवर कारकून आला होता. कारकून, यादी, नावं काढून टाकलेला तो रकाना, भाचीचे शनिवार. सगळं खरं होतं आणि ओळीने सांगता आलं असतं.

"मी आवळत होते," ती म्हणाली. "आधी आईचे. आता तुझे."

ताई वळली. बराच वेळ तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आईची खाट आली, डॉक्टर आले, पाठीवर ठेवलेला हात आला, आणि तो हात आता तिथून निघतोय असं तिला अंगावर कळलं. आरशाखालच्या डबीतून धाकटीने सवयीने टाचण्या उचलल्या होत्या. पाठीशी चिमूट धरून दोन टाचण्या लावल्या तर कोट क्षणात अंगाचा झाला असता. ती पुढे सरकली तसं ताईने तिचं मनगट धरलं. पकड गार होती, हाडांची होती, पण जोर होता.

"लावू नकोस," ताई म्हणाली. "असाच राहू दे. दवाखाना किती वाजता उघडतो?"

"चारला."

"मग दुकान बंद कर. एकटीने नाही जाणार मी."

तिने टाचण्या परत ठेवल्या, शटर ओढलं. फोन आत टेबलावर राहिला, उजळत, विझत. रस्त्यावर ऊन होतं आणि जरासा वारा. ताई कोट न काढताच निघाली, नेहमीसारखी दोन पावलं पुढे, आणि वारा कोटात शिरून पाठीशी फुगू लागला. तिने हात लांब करून मागचा घेर मुठीत धरला, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.